उंट डावीकडे का बघतो?

लिफ्टमध्ये एकटं असलं की माणसं काय काय करतात. कोणी भांग सारखा करतं, कोणी पोट आत ओढून बघतं. लेखिकेने लिफ्टच्या बंद दाराकडे बघून हात उंचावला आणि भरदार आवाजात जाहीर केलं, "नागरिकहो, आपल्या सर्वांचं हार्दिक निधन!"

त्याच क्षणी दार उघडलं. बाहेर ओली छत्री घेतलेला एक तरुण उभा होता. तिचा हात अजून वरच होता.

"अभिनंदन," तो हळूच म्हणाला.

"कशाबद्दल?"

"नाही, म्हणजे... तुम्हाला 'अभिनंदन' म्हणायचं असेल. तुम्ही 'निधन' म्हणालात."

"मला निधनच म्हणायचं होतं."

तो एक पाऊल मागे सरला. "मी जिन्याने येतो," तो म्हणाला.

लेखिकेचा यात काही दोष नव्हता. ती एका कार्टून मालिकेचे संवाद लिहायची. मालिकेत प्राण्यांचं एक शहर होतं आणि त्या शहराचे नगराध्यक्ष होते उंटराव. उंटरावांना भारदस्त शब्दांचा फार सोस; अडचण एवढीच, की हाताला लागेल तो शब्द ते बिनदिक्कत लावून देत. दुकानाचं उद्घाटन करायला गेले की फीत कापून म्हणत, "माझ्या हस्ते या दुकानाचं उत्खनन झालं आहे!" नेत्याला वक्रदृष्टी हवी आणि कामाचा दांडगा अभाव हवा, असं त्यांचं ठाम मत होतं.

उंटराव हे तिने स्वतः घडवलेलं पहिलं पात्र होतं. त्याआधी ती मिक्सरसोबत येणाऱ्या माहितीपत्रकांचा मजकूर लिहायची, आणि 'भांडं घट्ट बसल्याची खात्री करा' हे तिचं तोवरचं सर्वांत गाजलेलं वाक्य होतं. पण उंटरावांना आवाज देणारे गृहस्थ मुलाकडे परदेशी गेले, आणि उंट मुका झाला. आज स्टुडिओत नवा आवाज यायचा होता.

नवा आवाज जिन्याने, धापा टाकत आला. हातात ओली छत्री होती.

"अरे देवा," लेखिका म्हणाली.

"निधनवाल्या!" तो म्हणाला.

तो रेडिओवर बातम्या वाचायचा. केंद्र बंद पडलं म्हणून इथे आला होता. स्टुडिओत तासाभरात त्याचं नाव 'बातम्या' पडलं.

आवाज काय होता! पितळी घंगाळात गरम पाणी ओतावं तसा. दिग्दर्शक बाई खूश झाल्या. त्याला काचेपलीकडच्या खोलीत माइकसमोर उभं केलं. समोर एक छोटा कॅमेराही होता, कारण चित्रकार मंडळी आवाज देणाऱ्याचा चेहरा बघूनच पात्राचा चेहरा हलवत. डाव्या हाताला काच, आणि काचेअलीकडे कागद घेऊन लेखिका.

"मी या पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे," बातम्याने वाचलं.

"निषिद्ध!" लेखिका बटण दाबून म्हणाली. "'निषिद्ध आहे' असं लिहिलंय."

"पण ते चूक आहे."

"चुकीचाच पगार मिळतो आपल्याला."

त्याने मान डोलावली, घसा खाकरला आणि पुन्हा त्याच खणखणीत आवाजात म्हणाला, "प्रसिद्ध आहे." मग स्वतःच चपापला. "सॉरी. जीभ जातच नाही तिकडे."

दुपारपर्यंत जीभ गेली, पण बिचारी मान खाली घालून गेली. प्रत्येक चुकीच्या शब्दाआधी तो जरासा थबके, गालात हसे, जणू सांगतोय, मंडळी, मला खरा शब्द माहीत आहे हं. विनोद मांडवात येण्याआधीच परत जायचा.

"चॅनलचे लोक पुढच्या आठवड्यात भाग बघणार," बाई म्हणाल्या. "हसले तर ठीक. नाहीतर तुझा उंट बंद. मग नुसता मागे उभा राहून रवंथ करेल."

लेखिकेला मिक्सरचा घरघराट ऐकू आला.

संध्याकाळी ती बातम्याला म्हणाली, "माझ्या घरी चला. मावशीला भेटायला."

"इतक्या लवकर?" तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

"शिकवणीला!"

"हो, हो... तेच म्हणतोय मी."

मावशीने दार उघडलं आणि त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "या, या! हिच्या तोंडून तुमची फार नाचक्की ऐकली आहे."

बातम्याचं तोंड उघडलं. लेखिकेने डोळे मोठे केले. तोंड मिटलं.

"लाजू नका, पोटभर बिस्किटं खा," मावशी कपबशा मांडत म्हणाली. "आमच्याकडे पाहुण्यांच्या भावनांची कबर केली जाते." आणि तिने आपली स्वतःची खुर्ची, उशीसकट, त्याच्याकडे सरकवली. स्वतः स्टुलावर बसली. मग सांगितलं की ती हे कार्टून न चुकता बघते, कारण सगळ्या प्राण्यांत एक तो उंटच तेवढा शिकलेला आहे.

बातम्या हसला नाही. तो चहा प्यायला, सगळी बिस्किटं संपवली, आणि निघताना वाकून म्हणाला, "तुमच्या संसर्गजन्याबद्दल आभारी आहे, मावशी."

"किती गोड बोलतो गं!" मावशी म्हणाली.

लेखिका त्याला सोडायला निघाली. जिन्यात तो एक मजला उतरला. मग म्हणाला, "त्या चुकत नाहीत. घरातला सगळ्यात चांगला शब्द काढून त्या पाहुण्याला देतात... आणि मी तिथे उभा राहून शब्द तपासत होतो."

लेखिकेने त्याच्याकडे पाहिलं. हे ती स्वतः इतकी वर्षं ओळखून होती, पण तिने ते कोणाला सांगितलं नव्हतं, आणि कोणी तिला सांगितलंही नव्हतं.

"मला वाटलं, तुम्ही हसाल," ती म्हणाली.

"हसू आलं होतं. पण तुमचे डोळे बघितले आणि... राहिलंच."

"घाबरलात?"

"घाबरलो असं नाही म्हणता येणार."

"मग काय म्हणता येईल?"

"मी खात्री केल्याशिवाय बातमी देत नाही," तो म्हणाला, आणि छत्री उघडून पावसात चालता झाला.

दुसऱ्या दिवशीपासून उंटराव उभे राहिले. ताठ मानेने, जराही न थबकता. "कोंबडीबाई, तुम्ही माझ्या प्राणघातक सेक्रेटरी आहात!" असं बातम्याने इतक्या मनापासून म्हटलं, की दिग्दर्शक बाईंनी तोंडात पदर कोंबला. प्रत्येक वाक्य झालं की तो काचेकडे वळून बघे. लेखिका अंगठा वर करी. ती समजे, जमलं का विचारतोय. वर केलेला अंगठा खाली घ्यायचं ती विसरून जाई. पण संवाद उंटाचे होते, आणि ते तिनेच लिहिले होते. स्वतःच लिहिलेल्या वाक्यांवर भाळणारी लेखिका म्हणजे फारच झालं, असं ती स्वतःला बजावी.

चॅनलचे साहेब आले. दिवे मालवले, पडदा उजळला. उंटराव मधोमध, कोंबडीबाई त्यांच्या उजव्या हाताला उभी. पहिल्या वाक्याला साहेब खुदकले. उत्खननाला त्यांनी मांडीवर थाप मारली. लेखिकेचा श्वास मोकळा झाला, आणि तेवढ्यात साहेब थांबले.

"एक विचारू? हा उंट बोलतो कोंबडीशी. मग दर वेळी आपल्या डावीकडे काय बघतो?"

सगळ्यांनी पाहिलं. खरंच. वाक्य संपलं की उंटराव लांबसडक पापण्या उचलत, मान अलगद वळवत, आणि डावीकडे बघून असे काही विरघळत, की दगडालाही पाझर फुटावा. डावीकडे विजेचा खांब होता.

"खांबाच्या प्रेमात पडलाय का हा?" साहेबांनी विचारलं.

दिग्दर्शक बाईंनी मुख्य चित्रकार काकूंकडे पाहिलं. काकूंनी चष्मा वर सरकवला. आपल्या कामावर बोट ठेवलेलं त्यांना मुळीच खपत नसे. "मी माझ्या मनाचं काही काढत नाही. कॅमेऱ्यात जे असतं, ते काढते. थांबा."

आणि काकूंनी भल्यामोठ्या पडद्यावर बातम्याचं चित्रण लावलं. वाक्य संपतं, मान वळते, पापण्या उचलतात. पुन्हा वाक्य, पुन्हा मान. उंटाला निदान पापण्या जास्त होत्या. बातम्याच्या चेहऱ्यावर तर लपायला जागाच नव्हती.

"डावीकडे कोण बसतं?" साहेब म्हणाले.

सगळ्या माना लेखिकेकडे वळल्या. बातम्या मात्र छताकडे बघत होता, अगदी अभ्यासपूर्वक.

"उंट ठेवा," साहेब शेवटी म्हणाले. "पण तो खांब काढा. तिथे एक सांडणी उभी करा. मला हे पुढे बघायचंय."

बाहेर व्हरांड्यात तो खिडकीला टेकून उभा होता. ती आली तसा सावरला.

"मला माहीत नव्हतं, मी असा बघतो," तो म्हणाला. "माफ करा. मला... मला तुम्ही आवडता. एवढंच आहे."

ती भुवया आक्रसून त्याच्याकडे बघत राहिली.

"काहीतरी बोला ना!"

"वाक्यात कुठे चूक आहे का, बघत होते."

"सापडली?"

"एक सापडली. 'तुम्ही' कशाला?"

तो हसला. या खेपेला थबकला नाही. "मग तुझं उत्तर?"

"ते सांडणीला विचार."

"सांडणी काय म्हणणार आहे?"

"काहीच नाही. ती नुसती उजवीकडे बघणार आहे."

"ते मला चित्रित करून हवं!" दारातून काकूंचा आवाज आला. "मी मनाचं काही काढत नाही."

म्हणून मग लेखिकेला काचेपलीकडे कॅमेऱ्यासमोर बसवलं, आणि तिच्या उजव्या हाताला, कॅमेऱ्याच्या कडेबाहेर, बातम्याला उभं केलं. आधी ती हसली. मग तिने कपाळावरची बट मागे सारली. मग तिला वाटलं, आता गंभीर व्हावं, म्हणून तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, आणि गंभीर होण्याचं राहूनच गेलं.

"झालं का हो?" दिग्दर्शक बाईंनी काकूंच्या कानात विचारलं.

"केव्हाच झालं," काकू कॅमेऱ्याची वायर गुंडाळत म्हणाल्या. "पण त्यांना सांगायचं कोणी?"