यादीत दोनदा आलेलं नाव

"तुमचं नाव यादीत नाहीये," तो म्हणाला.

मी दारात भिजून उभी होते. बाहेर सिंगापूरच्या टॅम्पिनीस भागात पाऊस कोसळत होता, आत मराठी मंडळाच्या नाटकाची पहिली घंटा झाली होती.

"पैसे तर मी तीन आठवड्यांपूर्वीच भरलेत."

"हो... पण यादीत पंचवीसच नावं आहेत." त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. छातीवरच्या बिल्ल्यावर नाव होतं, क्षितिज. माझ्यामागे रांग वाढत होती, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची नावं यादीत नव्हती.

तिकिटांचे पैसे ऑनलाइन भरायचे होते. ज्या कंपनीमार्फत ते भरले जात, तिच्या एपीआयकडे, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याला प्रश्न विचारायच्या खिडकीकडे, क्षितिजने यादी मागितली होती. आणि आलं तेवढं खरं मानलं होतं.

"पंचवीसच आली, कारण तुम्ही एकच पान मागितलंत," मी म्हणाले. मी बँकेत अशाच गोष्टी तपासायचं काम करायचे. "यादी मोठी असली की एपीआय एका वेळी एकच पान देतं. विनंतीच्या शेवटी लिहा, पेज दोन. मग पेज तीन."

त्याने लिहिलं. नावं भराभर उतरू लागली. रांगेतून कुणीतरी "सुटलो" म्हणालं.

"सापडलात. मेधा, दुसऱ्या पानावर, अगदी शेवटी." मग तो थांबला. "आणि तिसऱ्या पानावर, अगदी सुरुवातीला. तुम्ही दोनदा आलात?"

"एकदाच आले. तुमची यादी नव्यापासून जुन्याकडे लावलेली आहे. आत्ता रांगेत कुणीतरी फोनवरून तिकीट काढलं. ते नाव वर बसलं, बाकीची सगळी एकेक पायरी खाली घसरली. जुन्यापासून नव्याकडे लावा, म्हणजे नवा माणूस शेवटी जाऊन उभा राहील."

"पण खुर्च्या तर या यादीवरूनच आपोआप लागल्यात. तुमच्या नावावर दोन आहेत," तो गंभीरपणे म्हणाला. "दुसरीवर मी बसलो तर चालेल?"

नाटक काय होतं, मला धड आठवत नाही.

त्या दिवशी माझ्या पर्समध्ये पुण्याच्या नोकरीचं पत्र होतं. महिन्याभरात उत्तर द्यायचं होतं. सिंगापूरमध्ये तीन वर्षं काढली होती, पण ऑफिस सुटल्यावर 'पोचलीस का?' असं विचारणारं इथे कुणी नव्हतं. मी बहुधा 'येते' असंच कळवणार होते.

"मला हे नीट शिकवाल?" नाटक संपल्यावर त्याने विचारलं. मग दर शुक्रवारी, ऑफिसनंतर, आम्ही एका हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मोठ्या मंडपात, एका चहाच्या स्टॉलपाशी भेटू लागलो. तो स्टॉल आता राहिलेला नाही. तिथला दाट दुधाचा चहा, ओल्या फरशीचा वास, आणि वहीत चौकोन काढून "म्हणजे हे पान दोन?" असं विचारणारा तो... एवढं अजून तसंच्या तसं दिसतं. दुसऱ्या शुक्रवारी 'अहो'चं 'अगं' झालं. त्याच दिवशी मी त्याला पत्राचं सांगितलं.

"चांगली संधी आहे," तो म्हणाला. बस, एवढंच. मी पुढचा तासभर उगाच त्याच्या चुका काढत होते.

चौथा शुक्रवार हा उत्तराचा शेवटचा दिवस होता. मी समजावत होते, "जुन्यापासून लावली तरी घोळ होतोच. मध्येच कुणी तिकीट रद्द केलं, की यादी वर सरकते आणि एक नाव निसटतं."

"म्हणून पानाचा आकडा द्यायचाच नाही," तो चहा ढवळत म्हणाला. "शेवटच्या नोंदीची खूण द्यायची, आणि तिच्यापुढचं मागायचं."

मी पेन खाली ठेवलं. "हे मी शिकवलेलं नाही."

तो आणखी जोरात चहा ढवळू लागला.

"क्षितिज, तुला हे सगळं येत होतं?"

"नाटक झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं वाचून काढलं."

"मग हे चार शुक्रवार?"

"येतंय म्हणून सांगितलं असतं, तर तू आली असतीस?"

मी घड्याळाकडे पाहिलं. उत्तर पुण्यातल्या पाचपर्यंत द्यायचं होतं, म्हणजे इथल्या साडेसातपर्यंत. सात वाजून दहा मिनिटं झाली होती.

"तूच म्हणालास ना, चांगली संधी आहे."

"आहेच चांगली. पण—"

"पण काय?"

"जाऊ नकोस, मेधा. मला तू आवडतेस. हे बोलायची हिंमत नव्हती, म्हणून पानांबद्दल विचारत बसलो."

टेबल पुसायला आलेल्या काकांनी आमच्याकडे पाहिलं. "रेन स्टॉप ऑलरेडी, लाह," ते इथल्या इंग्रजीत म्हणाले; पाऊस थांबला होता. आम्ही दोघंही उठलो नाही.

मी फोन काढला. "काय लिहू?"

"मी कसं सांगू? नोकरी तुझी आहे."

"मग गप्प बस जरा."

सात वाजून सव्वीस मिनिटांनी मी नकार पाठवला. दोनच ओळींचा, आभाराचा. कारण दिलं नाही. कारण माझ्यासमोर बसलं होतं, आणि घाबरून माझ्याच ग्लासातला चहा पिऊन टाकत होतं.