एकेचाळिसावा प्रश्न

सकाळी आठलाच फोन आला आणि फौजदारबाईंचा चहा तसाच निवला. अणुभट्ट्यांचे नवे आराखडे तपासणाऱ्या कचेरीत वरिष्ठ परीक्षक टेबलाखाली पडले होते. डोकं फुटलेलं, जबडा एका बाजूला सरकलेला, रक्ताचे शिंतोडे पार छतापर्यंत. शेजारी पोलादी पेपरवेट. एका घावावर मारणाऱ्याचं समाधान झालं नव्हतं.

त्यांची सहायक दारात उभी होती, हात कोपरापर्यंत लाल. "मी त्यांना उचलायला गेले," एवढंच ती म्हणत होती.

हवालदाराने निकाल लावूनही टाकला होता. "काल संध्याकाळी हिचं नि त्यांचं कडाक्याचं वाजलं, बाई. सगळ्या मजल्यानं ऐकलं. बेड्या घालू?"

"थांबा जरा. भांडण कशावरून?"

"सरांनी एकेचाळिसावा प्रश्न काढला म्हणून," सहायक म्हणाली. "भट्टी बांधणाऱ्या कंपनीला चाळीस पाठवले होते, आज उत्तरांची शेवटची तारीख. मी म्हटलं, पुरे करा आता."

"प्रश्न कशाबद्दल होता?"

"सांगितलं नाही. कागद टेबलावर होता. प्रमुखांच्या सहीशिवाय प्रश्न बाहेर जात नाही, आणि सही आज व्हायची होती."

टेबलावर तो कागद नव्हता.

कंपनीचा अभियंता खाली सुधारित आराखडा घेऊन बसला होता. हवालदाराला नि सहायकेला घेऊन बाई खाली उतरल्या.

"काल वर गेला होतात?"

"छे. खालूनच परत फिरलो."

"हे बदल कुणाचे?"

"माझेच. ज्या प्रश्नामुळे बदल केला, त्याचा क्रमांक बदलापुढे लिहावा लागतो."

बाईंनी सावकाश पानं उलटली. शेवटच्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"भट्टी गार करणाऱ्या पाण्याची झडप. पुढे एकेचाळीस. तुम्हाला गेले चाळीसच. एकेचाळिसावा त्या टेबलावरून उठलाच नव्हता, सहायकेलाही विषय ठाऊक नव्हता. तो वाचला फक्त खुन्यानं. त्यांना ठेचलंत, कागद पळवलात, झडप गुपचूप दुरुस्त केलीत. आणि हाताच्या सवयीनं क्रमांकही टाकलात."

अभियंत्याने थेट बाईंचा गळा धरला. खुर्ची उलटली. हवालदाराने त्याला मानेला धरून फरशीवर आपटलं, तेव्हा त्याचे दोन दात पडले.

"सहा वर्षं घातलीत मी यात," तो रक्त थुंकत म्हणाला. "एका झडपेसाठी तो थेरडा पुन्हा वर्षभर अडवणार होता."

सहायकेने हात धुतले होते, तरी नखांत लाल उरलंच होतं. तिने ते पान उचललं, दोनदा वाचलं आणि झडपेच्या आकड्यांवर बोट ठेवलं.

"उत्तर चुकलंय," ती म्हणाली. "झडप अजूनही उशिराच उघडते."