नमद्यावरची खाट

हे कुणाला खरं वाटणार नाही. पण हे मी सांगोवांगी ऐकलेलं नाही, स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. १९३६ चा डिसेंबर. नाशिकला भद्रकालीजवळ आमचं दोन खोल्यांचं घर होतं.

भिंतीपलीकडे पिठाची गिरणी. माझे वडील, अण्णा, तिथे तेलाच्या इंजिनाचे मिस्त्री. ते गेले आणि मालकाने इंजिन विकलं. सटाण्याला गेलं ते.

तरीही त्या संध्याकाळी भिंत धडधडू लागली…

धक्. धक्. मध्येच एक ठोका गळायचा.

अण्णांच्या इंजिनासारखाच.

शेजारच्या कुसाबाई आल्या. "गिरणी तर बंद. उंदरांनी चक्की काढली का गं?"

मला हसू आलं नाही. अण्णा गेल्यापासून आई त्यांच्याच खाटेवर पडून होती. अन्न नाही, शब्द नाही. आता दर ठोक्याला तिचं अंग दचकत होतं. हे थांबलं नाही तर आईही जाईल, एवढंच मला कळत होतं.

अण्णांची सागवानी काठी घेतली. एक टोक वस्तूला, दुसरं कानाला. ते यंत्र असंच ऐकायचे.

भिंतीत आवाज पुसट. फरशीत जास्त.

खाटेच्या पायात… कान फाटेल इतका.

अण्णा यंत्राखाली लोकरीचा जाड नमदा घालायचे. म्हणायचे, "भिंत नुसती बोलते गं. यंत्र नमद्यावर घे. भिंत गप्प झाली, की समज, जे आहे ते यंत्रातच आहे."

कुसाबाईंनी खाटेची एकेक बाजू उचलून धरली. मी पायांखाली नमद्याचे तुकडे सरकवले.

घर गप्प झालं.

"झोपा आता, वहिनी," म्हणत कुसाबाई गेल्या.

खाटेवर आईशिवाय काहीच नव्हतं…

काठी तिच्या पाठीला लावली.

धक्. धक्. मध्येच एक ठोका गळालेला.

"आई, थांबव ना ते!"

"माझ्या हातात आहे का?" कितीतरी दिवसांनी ती बोलली. "हात धर माझा. सोडू नकोस."

धरला. सोडला नाही.

सकाळी वैद्यांनी नाडी पाहून "गेल्या" म्हणत मान हलवली. मी पुन्हा काठी लावली. ठोके चालूच होते…

कुसाबाईंनी आमचे हात सोडवले, तेव्हा थांबले.

आता मी मनमाडला शाळेत शिकवते. खोली नवी, खाट नवी. परवा भिंतीपलीकडच्या जैतुनबी म्हणाल्या, "बाई, शिवणाचं मशीन घेतलं का? रोज संध्याकाळी धकधक!"

मला काहीच ऐकू येत नव्हतं.

काल मी माझ्या खाटेखाली नमदे घातले.

आज जैतुनबी हसून म्हणाल्या, "बरं झालं, बंद केलंत."

काठी कोपऱ्यात उभी आहे. मी तिच्याकडे पाहत नाही…