शून्य वरच्या बाजूला

"त्या झाडाला पोहायला शिकवताय का?"

मी दचकले. हातातली बाटली अजून कुंडीवर कलंडलेलीच होती, त्यामुळे 'छे, मी कुठे' म्हणायची सोयच नव्हती. जिन्याच्या वळणावर तो उभा होता. कपाळावर चढवलेला जांभळट काचांचा चष्मा, बाहीवर जळाल्याचे तपकिरी ठिपके. आमच्या प्रयोगशाळेतली फुटकी काचेची उपकरणं खालच्या मजल्यावर आचेवर जोडून देणारा. सगळे त्याला काचवाला म्हणत.

"आठवडाभर बघतोय, पानं पिवळी पडतायत, मातीचा चिखल झालाय. म्हटलं, कोण हा दयाळू खुनी?"

"मला ते... प्यायचं होतं," मी म्हणाले. "पण जात नाही."

"मग त्या बिचाऱ्याला तरी कुठे जातंय!"

मी हसले. खूप दिवसांनी, आणि चक्क आवाज करून.

खरं तर मी दिवसभर पाण्यातच असते. लोकांच्या विहिरींचं, टाक्यांचं, नळांचं पाणी तपासते. पण प्रयोगशाळेत तोंडाला काही लावायचं नाही, हा नियम. सहा वर्षं तो पाळता पाळता माझी तहानच रुसून गेली होती. दार उघडलं नाही की पाहुणा परत फिरतो, तशी. आणि आता समोरच्या उपचार केंद्रातल्या सिस्टरने सांगितलं होतं, रोज तीन लिटर. पहिल्याच दिवशी तिने माझ्या हातात तीनदा सुई टोचली होती. "शिरा लपून बसल्यात. पाणी पीत नाहीस ना?"

"पिते की," मी म्हणाले होते. आई फोनवर ओरडली ती वेगळीच. "अगं, पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, तुझा घडा तर पाण्याजवळही जात नाही!"

आई ओरडते तेव्हा घाबरलेली असते. तिची पाळी अडतिसाव्या वर्षी थांबली. मी एकोणतीस वर्षांची, आणि माझा स्त्रीबीजांचा साठा आत्ताच फार कमी. लग्नाचा पत्ता नाही, म्हणून आहेत तेवढी गोठवून ठेवायची असं ठरवलं होतं. पुढच्या पाळीला इंजेक्शनं सुरू, मग एक दिवसाआड रक्ततपासणी. "हा महिना हातचा घालवू नकोस," डॉक्टर म्हणाल्या होत्या.

"डॉक्टरांनी सांगितलंय पाणी प्यायला?" काचवाल्याने विचारलं. "मुतखडा?"

आणि मी... मान डोलावली. जिन्यात नुकत्याच भेटलेल्या, छान डोळ्यांच्या माणसाला आपल्या बीजांचा हिशेब कोण सांगतं?

दोन दिवसांनी त्याने मला खाली बोलावलं. टेबलावर एक उभी, सडपातळ काचेची बाटली होती, अंगावर कोरलेल्या बारीक रेघा.

"आकडे उलटे आहेत," मी लगेच म्हणाले. "शून्य वरच्या बाजूला?"

"ब्युरेटसारखं. त्या मोजनळीची तुम्हाला तर रोजची सवय." त्याने रेघांवरून बोट खाली नेलं. "बाटलीत किती उरलंय ते बघून माणूस घाबरतो. आपण तुमच्यात किती गेलं ते मोजू."

मी पहिल्या रेघेपर्यंत प्यायले. तो तोंडाकडे बघत राहिला, मग एकदम खिडकीकडे.

तेव्हापासून दर तासाला मी जिना उतरायची. वर पिता येत नाही, हे कारण अगदी खरं होतं. पण एवढं एकच कारण होतं, असं काही मी म्हणणार नाही. तो काचेची नळी ज्योतीत फिरवायचा, ज्योत भगभगीत पिवळी व्हायची आणि तिच्यात काही म्हणता काही दिसायचं नाही. एकदा त्याने आपला चष्मा काढून माझ्या डोळ्यांवर चढवला. पिवळा झगमगाट अचानक विझला... आणि आत काच दिसली, मधासारखी मऊ, हळूच वाकणारी.

"आता दिसतंय?"

"दिसतंय," मी म्हणाले. त्याचा हात माझ्या कानामागे होता. चष्म्याची काडी बसवायला एवढा वेळ लागत नाही.

"मग पी आता. चौथी रेघ."

तो 'तुम्ही' विसरला होता. मी आठवण करून दिली नाही.

एके दिवशी त्याने घडी केलेला कागद दिला. त्याच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं मुतखड्याचं पथ्य. दोन्ही बाजूंनी, कडू काढ्यांसकट! "बाबा म्हणतात, घाबरू नकोस म्हणावं, माझे तीन पडले." कागदाच्या तळाशी वेलांटीदार सही होती. रात्री मी तो तीनदा वाचला आणि लाज वाटून पुन्हा घडी घालून पर्सच्या तळाशी ठेवला.

पाळी आली, इंजेक्शनं सुरू झाली. त्यानंतरच्या पहिल्या रक्ततपासणीच्या आदल्या दुपारी मी बाटली भरून घेऊन निघाले, तेवढ्यात आईचा फोन आला. बाटली मी जवळच्याच टेबलावर ठेवली. परत आले तर तिच्यावर चिठ्ठी होती – नमुना क्रमांक ४१७.

"काका! ही माझी बाटली आहे!"

आमचे नोंदणीकाका चष्म्यावरून बघत म्हणाले, "रेघा मारलेली काच, आत पाणी, नमुन्यांच्या टेबलावर. मी काय सरबत समजू? नोंद झाली की झाली, बाळ. खोडायची पद्धत नाही. आता दोन दिवस फ्रीजमध्ये. फॉर्म भर."

दुरुस्त ब्युरेटी घेऊन काचवाला नेमका तेव्हाच वर आला आणि सगळं ऐकून हसत सुटला.

"स्रोत?" काकांनी विचारलं.

"जिन्यातला नळ," तोच म्हणाला.

"वापर? पिणे, शेती, कारखाना, इतर?"

"इतर. लिहा काका, मुतखडा."

काकांचं पेन कागदावर टेकलं. सहा वर्षांत मी एकाही फॉर्मवर खोटी नोंद जाऊ दिलेली नव्हती.

"थांबा," मी म्हणाले. "मुतखडा नाही."

मी फॉर्म ओढून घेतला आणि 'इतर'पुढे स्वच्छ अक्षरात लिहिलं – स्त्रीबीजं गोठवण्याच्या उपचारांची तयारी. उद्या सकाळी आठ वाजता, समोरच्या केंद्रात, पहिली तपासणी. मग कागद त्याच्याकडे सरकवला.

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. ब्युरेटी टेबलावर ठेवल्या, घड्याळाकडे पाहिलं, "मला... भट्टी..." असं काहीतरी पुटपुटला आणि निघून गेला.

काकांनी शिक्का मारला. "अक्षर छान आहे तुझं," ते हळूच म्हणाले.

त्या संध्याकाळी मी साध्या पेल्याने पाणी प्यायले. मोजून तेरा पेले. रडत रडत प्यायलेलं पाणी मोजायचं का, हे सिस्टरला विचारायचं राहून गेलं.

सकाळी सिस्टरने दंडाला पट्टा बांधला आणि पहिल्याच टोचणीला शीर सापडली. "वा! कुणी पाजलं गं पाणी?"

कोपरावर कापूस दाबून बाहेर आले. बाहेरच्या रांगेत एक रिकामी खुर्ची होती आणि खुर्चीवर काचेची बाटली. नवीकोरी. शून्य वरच्या बाजूला. पाणी शेवटच्या रेघेच्याही खाली.

पण माणूस नव्हता.

बाटली ठेवून गेला, मी मनाशी म्हणाले. निरोपाची पद्धत चांगली आहे... आणि तेवढ्यात कोपऱ्यातलं स्वच्छतागृहाचं दार उघडून तो घाईघाईने बाहेर आला.

"तिसऱ्यांदा!" तो कुजबुजला. "तू रोज हे करतेस? म्हटलं, सोबत म्हणून आपणही पिऊ, तर इथे बसूच देईना!"

"काल का निघून गेलास?"

"बाटली फ्रीजमध्ये गेली ना तुझी. नवी काच रात्रभर भट्टीत हळूहळू थंड करावी लागते. तेव्हाच लावली नसती तर आठला मिळाली नसती." तो थांबला. "घाईत थंड केली की तडा जातो. बोलण्याचंही तसंच असतं माझं."

"किती मिळतील माहीत नाही," मी म्हणाले. "मिळतील का, तेही."

"ते विचारायला मी आलोच नाही. मी आलोय... तू इथे असतेस म्हणून." त्याचे कान ज्योतीसमोर बसल्यासारखे लाल झाले होते. "आवडतेस तू मला. झाडाला बुडवत होतीस तेव्हापासून."

"आणि मुतखडा?"

"बाबांना सांगितलं, नाहीये. जरा हिरमुसले. त्यांना वाटलं होतं, घरात कुणीतरी जोडीला आलं."

मी हसले आणि त्याच वेळी डोळे भरून आले.

"परवा पुन्हा आठला," मी म्हणाले.

"येतो. पण आत्ता... एकच मिनिट हं." आणि तो चौथ्यांदा त्या दाराकडे पळाला.

कोपऱ्यातल्या नळावर मी बाटली शून्यापर्यंत भरली. खिडकीतलं ऊन रेघांमधून गाळून माझ्या मनगटावर पडलं होतं. बाटली तोंडाशी नेताना लक्षात आलं... आज कुणी सांगितलं नव्हतं, तास भरला नव्हता. मला तहान लागली होती.