शेंडी-शेपटी नसलेले शब्द

चष्म्याच्या दुकानातलं, जवळची नजर तपासायचं कार्ड तिने स्वतःच बनवलं होतं. त्यावर इंग्रजीतले छोटे छोटे शब्द होते, आणि सगळे अशा अक्षरांचे, ज्यांना ना वर शेंडी ना खाली शेपटी: सी, सन, मून, काऊ. शेंडी-शेपटी दिसली की माणूस आकारावरून अंदाजपंचे ठोकून देतो, असा तिचा अनुभव. म्हणून शब्द वाचून झाला की ती अर्थही विचारायची. गिऱ्हाईक हसायचं, पण सांगायचं. आत पडद्यामागे तिचा नवरा चष्म्यांच्या काचा घासत बसलेला असायचा.

टिल्लू होती तोवर अर्थ सांगायचा मान टिल्लूचा. शाळेतून आली की लेक स्टुलावर पाय हलवत बसायची आणि गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत आपला अर्थ सांगून मोकळी व्हायची. काऊ म्हणजे न उडणारा काऊ. सी म्हणजे बाबांची चप्पल वाहून गेली ते. सन म्हणजे डोळे मिटले तरी दिसतो तो. लोक तिचे गालगुच्चे घ्यायचे आणि चष्म्याचा भाव करायला विसरायचे.

सात वर्षांची पोर, तापाचं निमित्त झालं आणि गेली. त्या दुपारी ती शांत पडली होती, म्हणून आई हॉस्पिटलमधून जरा दुकानाकडे आली. परत पोचली तेव्हा सगळं संपलं होतं. जवळ फक्त बाप होता. "झोपेतच गेली," एवढंच तो सांगायचा. "माझी आठवण काढली का हो तिने?" हे तिने विचारलं, की तो काहीतरी काम काढून उठायचा. त्या एका प्रश्नाने ती आतून पोखरून निघाली होती.

सुरुवात झाली ती कळलीसुद्धा नाही. एक म्हातारे पेन्शनर कार्ड नाकाशी धरून म्हणाले, "काऊ."

"म्हणजे?"

"न उडणारा काऊ!"

दोघंही हसले. असला विनोद कुणालाही सुचेल. त्या रात्री मात्र तिने ते कार्ड पुन्हा पुन्हा काढून वाचलं.

मग एक शिवणकाम करणारी बाई आली. सुई ओवता येत नाही, म्हणाली.

"सी."

"म्हणजे काय?"

"बाबांची चप्पल वाहून गेली ते."

तिने हातातली काच खाली ठेवली. "कोणाच्या बाबांची?"

"बाबा?" बाई गोंधळली. "मी समुद्र म्हटलं ना, ताई."

संध्याकाळी तिने नवऱ्याला धारेवर धरलं. "तुम्ही बोललात का कोणाजवळ टिल्लूचं?"

"वेड लागलंय का तुला? नाव तरी निघतं का तिचं माझ्या तोंडून?" आणि ते खरंच होतं.

तिला भीती वाटायला हवी होती. वाटली ती हाव. ज्याची नजर ठणठणीत, त्याच्याही हातात ती कार्ड द्यायला लागली. बहुतेक जण सरळ अर्थ सांगायचे आणि तिचा चेहरा उतरायचा. पण एका शिक्षिकेने सनचा अर्थ टिल्लूसारखाच सांगितला आणि ती पडद्यामागे जाऊन पोटभर रडली.

तरी डोकं ठिकाणावर होतं. हे सगळे अर्थ तिला पाठच होते. आपलंच मन आपल्या कानात बोलत असेल तर? मग टिल्लूने कधी न वाचलेला शब्द हवा. तिने नवीन कार्ड केलं. अक्षरं तशीच बिनशेंडीची, शब्द एकच: कम, म्हणजे ये.

नवऱ्याने ते पाहिलं. "हाच कशाला?"

"सोपा आहे."

"अगं, नको. माझं ऐक." त्याचा आवाज कधी नव्हे इतका मऊ झाला होता. तिने ऐकलं नाही.

दुपारी एक ट्रक चालवणारा आला. दांडगा माणूस, आवाज घोगरा. त्याने कार्ड हातात घेतलं.

"कम."

"म्हणजे?"

त्याने कार्ड डोळ्यांजवळ धरलं. मग त्याच घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आई दुकान बंद करून येते म्हणाली. बाबा, अजून नाही का झालं बंद?"

आतलं काचा घासायचं मशीन थांबलं.

पडदा सरकवून नवरा बाहेर आला. हात ओले, ओठ पांढरे. "असंच विचारत होती," तो म्हणाला. "शेवटपर्यंत. तुला कसं सांगणार होतो मी?"

तिला लेकीकडे जायचं होतं, आणि जायला जागा नव्हती.

"काय झालं, मॅडम? चुकलं का?" ट्रकवाला म्हणाला.

"नाही. बरोबर आहे."

"मग खालची ओळ पण वाचू?"

खाली ओळ नव्हती.

"ते कार्ड घे त्यांच्याकडून," नवरा पुटपुटला. "घे म्हणतो ना!"

"वाचा," ती म्हणाली.

ट्रकवाल्याने कोऱ्या जागेवर बोट टेकवलं आणि डावीकडून उजवीकडे सावकाश सरकवायला सुरुवात केली. ओळ बरीच लांब असावी.