जास्तीचा प्रवासी

"तुम्ही वाईट बातमी फार छान सांगता," तो म्हणाला.

काउंटरमागच्या मुलीने मान वर केली. हा टोमणा असणार, असं तिला वाटलं. पण समोरच्याच्या चेहऱ्यावर टोमण्याचा मागमूस नव्हता. खांद्याला कापडी पिशवी, शर्टाच्या खिशात तीन रंगांची पेनं, आणि डोळे असे, की जणू तिने नुकतंच एखादं कोडं घातलंय आणि तो ते सोडवायला बसलाय.

बातमी वाईटच होती. रीतसर तिकीट काढलेलं, वेळेत आलेला, तरी या विमानात त्याला जागा नव्हती. विमानकंपन्या खुर्च्या असतात त्यापेक्षा थोडी जास्त तिकिटं विकतात. कुणाला ताप येतो, कुणाचं लग्न पुढे ढकललं जातं, कुणी वाटेत अडकतं. थोडे लोक येत नाहीतच. ते येणार नाहीत हे धरूनच हिशोब केलेला असतो. बहुतेक दिवस तो बरोबर निघतो. त्या दिवशी मात्र सगळेच आले. स्वखुशीने कोण थांबेल, असं तिने पुन्हा पुन्हा विचारलं. भरपाई सांगितली, जेवण सांगितलं. सगळे आपापल्या फोनमध्ये डोकी खुपसून बसले. मग नियम लागला: सगळ्यांत शेवटी नोंद झाली असेल त्याने थांबायचं.

"तुम्ही शेवटी कसे आलात?" न राहवून तिने विचारलं.

"आलो होतो लवकर. बाहेर कुंपणापाशी विमानं उडताना बघत राहिलो." तो जरा ओशाळला. "पहिल्यांदाच बसणार होतो ना…"

या मुलीला तिथले सगळे 'सबुरी' म्हणत. रांगेत कितीही गोंधळ झाला तरी ती आवाज चढवायची नाही. लोक काउंटरवर हात आपटत, तिच्या वरिष्ठांची नावं विचारत, तिचा उद्धार करत, आणि ती आपली, "थोडी सबुरी ठेवा, बघते मी." घरी गेल्यावर आई म्हणायची, अगं, कधीतरी भांड की कुणाशी, अशाने आतल्या आत शिजून जाशील. सबुरी हसून पाय गरम पाण्यात सोडून बसायची.

तिने त्याला संध्याकाळच्या विमानात जागा करून दिली. चालेल ना, असं विचारलं तेव्हा त्याने खिशातली पेनं सारखी केली. मग अगदी साधेपणाने त्याने सांगितलं, की दुपारी एका शाळेत त्याला नमुना धडा घ्यायचा होता. गणिताच्या मास्तरांची जागा होती. बाकीच्या उमेदवारांचे धडे झाले होते, आज शेवटचा दिवस, आणि शेवटचा तोच. दोन वर्षं तो हंगामी कामं करत होता. कायमचा वर्ग, कायमची मुलं असं त्याला कधी मिळालं नव्हतं.

आतापर्यंत तिने कितीतरी जणांना थांबवलं होतं, पण ते सगळे ओरडून गेले होते. ओरडणाऱ्याचं दुःख आवाजात वाहून जातं. हा माणूस ओरडला नाही, म्हणून त्याचं दुःख तिच्या काउंटरवरच राहिलं.

"फोनवरून नाही का घेता येणार धडा?" तिने विचारलं.

तो तिच्याकडे बघत राहिला. मग घाईघाईने त्याने शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना फोन लावला. बाईंना ते फारसं रुचलं नसावं. बराच वेळ तो नुसता "हो बाई… हो, समजतं मला" म्हणत होता. शेवटी त्या तयार झाल्या. पण धडा पूर्ण हवा आणि मुलांना फळा दिसला पाहिजे, अशी अट घातली.

टोकाचं एक गेट संध्याकाळपर्यंत रिकामं असे. तिथे सूचना लिहायचा पांढरा फळा होता. सबुरीने जेवणाच्या सुट्टीत त्याला तिकडे नेलं, ओल्या फडक्याने फळा पुसून दिला. फोन कुठेच नीट उभा राहीना. खुर्चीवर ठेवला तर मास्तरांचे गुडघेच दिसत, पिशवीवर ठेवला तर छत.

"द्या इकडे," ती म्हणाली. "मी धरते."

"हात दुखेल."

"मला सवय आहे. रोज लोकांचे चढे सूर झेलते."

तो मोकळेपणाने हसला. ते हसू फोनच्या काचेत आधी दिसलं आणि मग काचेच्या पलीकडे. सबुरीला क्षणभर कळेना, कोणत्या हसण्याकडे बघावं.

धडा सुरू झाला. आज काय शिकायचं ते त्याने घरून ठरवून आणलं असणार. पण मुलांनी पहिलाच प्रश्न विचारला, सर, तुम्ही का नाही आलात? आणि त्याने ठरवलेला धडा तिथल्या तिथे सोडून दिला. म्हणाला, चला, तेच शोधू. पुढे दहा खुर्च्या मांडा. आज तुम्ही विमानकंपनी. वाढदिवसाला बोलावलेले सगळे मित्र येतात का कधी? नाही, मुलं म्हणाली, कुणीतरी आजारी पडतंच. मग रिकामी खुर्ची घेऊन उडायचं का? मुलांनी चर्चा करून बारा तिकिटं विकली.

मग त्याची युक्ती. बारा मुलांनी डोळे मिटून पुस्तक उघडायचं. डाव्या पानाचा आकडा शून्याने संपला, तर तुम्ही आला नाहीत. पहिल्या खेपेला तिघं गळली. एक खुर्ची रिकामीच राहिली. दुसऱ्या खेपेला दोघं. खुर्च्या बरोब्बर भरल्या आणि वर्गाने टाळ्या पिटल्या. प्रत्येक वेळी मास्तर फळ्यावर लिहीत होता आणि विचारत होता, आता काय वाटतं? पुढच्या वेळी काय होईल? एकदाही त्याने उत्तर स्वतः सांगितलं नाही. चुकीचं उत्तर आलं की तो खूश व्हायचा, "वा, हे कसं सुचलं?" म्हणायचा, आणि चुकणारं मूल बोलता बोलता आपणच वाटेवर यायचं.

सबुरीचा दंड भरून आला होता. तिने हात बदलला नाही. चित्र हललं असतं.

तिसऱ्या खेपेला एकच मूल गळलं. अकराजण दहा खुर्च्यांकडे धावले, आणि गालावर खळी असलेली एक मुलगी उभी राहिली. वर्ग आधी हसला, मग हळूहळू शांत झाला. कुणाला उठवायचं? मुलं भांडू लागली. लहान आहे त्याला, नाही, उशिरा पोचला त्याला, नाही, ज्याला घाई नाही त्याला. खळीवाली उभीच होती. तिने विचारलं, "सर, तुम्हाला थांबवलं ती बाई वाईट होती का?"

सबुरीने फोन दोन्ही हातांनी धरला.

मास्तरने फळ्यावरचा हात खाली घेतला. "बारा तिकिटं कुणी विकली?" त्याने विचारलं.

"आम्ही," मुलं पुटपुटली.

"तसंच इथेही विकली दुसऱ्याच कुणीतरी. पण ते काही माझ्यासमोर आले नाहीत. जास्तीच्या माणसाच्या डोळ्यांत बघून सांगायला ती एकटी उभी होती. आणि आत्ता मी तुम्हाला दिसतोय ना… तो फोन तिच्याच हातात आहे. मला तर ती फार आवडली."

वर्गात एकच गिल्ला झाला. मुलांनी तिला बघायचा हट्ट धरला. सबुरीने फोन फिरवला तेव्हा तिचे कान इतके लाल झाले होते की मागच्या बाकावरून एकाने विचारलं, बाई, तुम्हाला ताप आहे का?

मुख्याध्यापिकाबाई मात्र सहजासहजी हरखणाऱ्या नव्हत्या. धडा चांगला झाला, पण मास्तर वर्गात उभा राहिलेला बघायला हवा, सकाळी या, मग समिती ठरवेल, एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी सबुरीची पाळी संपली होती. तरी ती गेटवर थांबली. काउंटरवरच्या मोठ्या ताईंनी, आज घराचा रस्ता विसरलीस वाटतं, म्हणून तिला छेडलं. मास्तर रांगेत सगळ्यांत शेवटी उभा होता. या वेळी मुद्दाम.

"परत याच दारातून आलो," तो म्हणाला, "तर समजा, नोकरी नाही मिळाली. नाही आलो, तर मिळाली."

सबुरीने मान डोलावली. मग तिच्या लक्षात आलं.

"म्हणजे चांगली बातमी असेल तर… तुम्ही मला दिसणारच नाही?"

तो दारात थबकला. आत बोलावणी होत होती. "हे गणित चुकलंच माझं," तो म्हणाला, आणि पुढे काही बोलणार तोच दार बंद करायची वेळ झाली.

त्याचा फोन नंबर तिच्या संगणकावर होता. एक बोट दाबायचा अवकाश. पण तो त्याने कंपनीला दिला होता, तिला नव्हे. तिने बोट मागे घेतलं.

त्यानंतर रोज त्या गावाहून येणाऱ्या विमानाच्या वेळेला सबुरी काहीतरी निमित्त काढून येणाऱ्यांच्या वाटेवर जाई. उतरणाऱ्या माणसांत कापडी पिशवी शोधी. तो दिसू नये, असं मनापासून वाटे. आणि शेवटचा माणूस निघून गेला की काळजात काहीतरी बसकण मारी. एका मनाने माणूस दोन उलट्या गोष्टी मागू शकतो, हे तिला तोवर ठाऊक नव्हतं. आईने एकदा विचारलं, हल्ली पाणी निवतं तरी पाय काढत नाहीस, कुणाच्या विचारात असतेस? सबुरी म्हणाली, एका शाळेच्या. आईने जास्त विचारलं नाही, पण गालातल्या गालात हसली.

आणि एका शुक्रवारी तो आला.

गर्दीच्या मागून, हळूहळू, तिलाच शोधत. सबुरीचे डोळे भरून आले. इतका सुंदर शिकवणारा माणूस, आणि तिच्या हाताने…

"नाही मिळाली?" तिने विचारलं.

"मिळाली की! सोमवारीच रुजू झालो."

"मग परत कशाला आलात?" ती जवळजवळ रागावूनच म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिचा आवाज चढला, आणि पलीकडच्या काउंटरवरून मोठ्या ताईंनी मान लांब करून पाहिलं.

"खोलीतलं सामान न्यायला." तो थांबला. पिशवीचा बंद उगाच नीट केला. "तसं सामान काही फार नाही. एक पेटी आणि थोडी पुस्तकं. खरं म्हणजे… उद्या शाळेत मुलांचं गणिताचं प्रदर्शन आहे. त्यांना फोन धरणाऱ्या बाई हव्या आहेत. आणि मुलांचं नाव पुढे करतोय मी, पण मलाही हव्या आहेत. उद्यापुरत्याच नाही."

सबुरीने गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं.

"तुम्ही याल की नाही, ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. "तुमची कंपनी एका खुर्चीवर दोन माणसं धरते. मी एका माणसासाठी दोन खुर्च्या काढून आलोय. सकाळच्या विमानाच्या. नाही आलात तर एक रिकामी जाईल. जाऊ दे."

दिवसभर लोकांना जागा देणाऱ्या या मुलीसाठी आजवर कुणी जागा धरून ठेवली नव्हती. उद्या तिची सुट्टी होती, हे तिने त्याला सांगितलं नाही. तिने फक्त डोळे पुसले, केस कानामागे घेतले आणि म्हणाली,

"खिडकीशी मी बसणार."