वापरातलं नाव

मिनेसोटातल्या आपल्या जुन्या गावात हार्लन टॉलेफसन पास्टरांनी एवढ्या पोरांना स्वतःचं नाव दिलं होतं, की शाळेच्या मैदानाशी उभं राहून कुणी ‘हार्लन!’ अशी हाक मारली तर अर्धा खेळ थांबायचा. आयांनाच हौस, आणि पास्टरांनाही ती गोड लागायची. निवृत्तीनंतर त्यांचा पाय घरात ठरेना. चर्चनं विचारलं, तसे ते बायकोला, व्हर्नाला, घेऊन उन्हाळ्यापुरते अलास्कात आले, कस्कोक्विम नदीकाठच्या, तिथल्या मूळ युपिक लोकांच्या एका गावात. व्हर्नाची अट एकच होती.

“पानं पिवळी व्हायच्या आत परत. लेकीचं बाळंतपण आहे. नातवंड मांडीवर घ्यायचंय ना?”

“म्हणजे काय! आता त्याच्यासाठीच तर जगतोय.”

सूर्य मावळायचं नाव घेत नव्हता. चिखलावर टाकलेल्या फळ्यांवरून चालायचं, मांडवांवर लाल सामन मासे वाळत असायचे आणि धुराचा वास उशीपर्यंत यायचा. डास तर असे, की ‘आमेन’ म्हणायला तोंड उघडावं आणि दोन-चार आत जावेत. पास्टरांची मान सुजून लाल झाली होती.

शेजारची बर्था म्हातारी रोज जेवायला बोलवायची. पहिला घास घेण्याआधी ती माशाचा चिमूटभर तुकडा काढून जमिनीच्या फळ्यांच्या फटीत सोडायची. “वासिलीला,” म्हणायची. वासिली तिचा भाऊ. वसंतात नदीचा बर्फ फुटला तेव्हा तो गाडीसकट खाली गेला होता.

व्हर्ना म्हणजे स्वच्छतेचा अवतार. ती लगेच झाडू शोधायची.

“उंदीर होतील गं, बर्था!”

“होऊ देत. वासिलीला तेवढंच काम.”

बर्थाची लेक डोरा नुकतीच बाळंत झाली होती. पोर अखंड रडे, अंगावरचं पीत नसे. खारकेसारखं वाळलं होतं.

“त्याला नाव हवंय,” बर्था म्हणाली. “वासिली कधीचा दारात उभा आहे. रविवारी त्याला आत घ्या, पास्टर.”

पास्टरांना यात गैर काही दिसलं नाही. नाव ते नाव. रविवारी सगळं गाव चर्चमध्ये दाटलं. पोरानं टाहो फोडला होता, डास कानात शिरत होते. पास्टरांनी पाण्यात बोटं बुडवली, पोराच्या कपाळाला लावली आणि आयुष्यभराच्या सवयीनं तोंडातून निघून गेलं, “हार्लन.”

पोर रडायचं थांबलं.

गावही थांबलं. बाकावरून कुणीतरी हळूच उठून बाहेर गेलं.

“चुकलं बुवा!” पास्टर बाहेर आल्यावर हसले. “पुढच्या रविवारी बदलू.”

बर्था हसली नाही. “मेलेल्याचं नाव देतात, पास्टर. ते रिकामं असतं. तुमचं अजून वापरात होतं.”

“मग काढून घेतो.”

“घ्या. पोर जाईल.”

म्हातारी त्यांच्याशी शेवटचं बोलली ते एवढंच.

डोराचं पोर अंगावर पिऊ लागलं, बाळसं धरू लागलं. बायका त्याच्याभोवती जमायच्या आणि त्याच्याशी अदबीनं बोलायच्या. “या पास्टर, दूध घेता ना?” “काय हो पास्टर, मागचं प्रवचन किती लांबवलंत! आमच्या पायांना मुंग्या आल्या!” मग खिदळायच्या. पोरही हसायचं. आधी पास्टरसुद्धा हसले.

मग डास त्यांना चावेनासे झाले.

त्याचा त्यांना आनंदच झाला. मानेची सूज उतरली. शेजारचा कुत्रा त्यांना बघून साखळी तोडायला धावायचा, तोही आता डोकं वर करेना. दुकानात काउंटरशी किती वेळ उभं राहिलं तरी पोरगी मागच्या माणसाला विचारायची, “काय देऊ?”

बर्थाकडे त्यांचं ताट मांडलं नाही. तिनं माशाचा तुकडा चिमटीत घेतला, फटीत सोडला आणि म्हणाली, “पास्टरांना.”

पास्टरांच्या तोंडात धुरकट सामनची चव आली. पोट भरलं.

व्हर्ना तेवढी बोलत होती, भांडत होती. “शर्टाला इस्त्री नको का? लोकांनी काय म्हणायचं?” त्या कटकटीला ते धरून होते.

बायका मांडवाशी मासे कापत होत्या तेव्हा ते वाटीत पाणी घेऊन डोराच्या घरात शिरले. पोर झोळीत जागं होतं. पास्टरांनी बोटं ओली केली. लेकीचं घर, मांडी, मांडीवरचं ऊबदार ओझं, सगळं डोळ्यांपुढे आलं. एकच नाव तर उच्चारायचं होतं.

“वा—”

पोराचा श्वास अडकला. ओठ निळे पडले.

पास्टर थांबले. बोटं त्यांनी पँटला पुसली, कोरडी होईपर्यंत पुसली. पोरानं मोठा श्वास घेतला आणि त्यांचं बोट मुठीत घट्ट पकडलं. बऱ्याच वेळानं त्यांनी ते हळूच सोडवलं. वाटीतलं पाणी त्यांनी दाराबाहेर ओतून टाकलं.

टुंड्राची पानं लाल व्हायला लागली. विमान आलं. धावपट्टीवर बर्था वाळलेल्या माशांचं पुडकं घेऊन आली, डोराच्या कडेवर पोर होतं. व्हर्नानं त्याच्या गालाला हात लावला आणि त्याच्या झबल्याची चुरगळ हातानं सरळ केली. “जपून राहा हं. वेळेवर जेवत जा.”

पास्टर मागून चढले आणि तिच्या शेजारी बसले. नदी खाली वळणावळणानं चमकत होती.

“व्हर्ना,” ते म्हणाले, “नातवाचं नाव काहीही ठेवा. फक्त माझं नको.”

ती खिडकीबाहेर बघत होती.

थोड्या वेळानं तिनं डबा उघडला. पावाचा छोटासा तुकडा मोडला, त्याला लोणी लावलं. मग ती वाकली. जन्मभर जिनं जमिनीवर कण पडू दिला नव्हता, तिनं तो तुकडा खाली, त्यांच्या बुटाशेजारी, नीट ठेवला.

पास्टरांच्या तोंडात लोण्याची चव आली.